नागाळा पार्कात मॉडेल रेल्वेचा मोठा संग्रह विकायला काढलाय, आणि त्यात मिरज–कोल्हापूर लाइन आहे

पंचगंगाकाठ · शनिवार, रात्री

मंडळी, नागाळा पार्कातल्या एका जुन्या बंगल्यात मॉडेल रेल्वेचा भलामोठा संग्रह विकायला काढलाय. ज्यांनी तो जमवला ते काका आता नाहीत. मुलगा आणि सून पुण्याला असतात, बंगला दिवाळीच्या आत रिकामा करायचाय आणि माडीवरचा अख्खा हॉल गाड्यांनी भरलेला. शनिवार-रविवार सकाळी १० ते ५ घर उघडं ठेवतात. कुणीही यावं, बघावं, आवडेल ते योग्य किमतीला न्यावं, असा मोकळा निरोप आहे. पत्ता इथे उघड लिहीत नाही, हवा असेल त्याने व्यक्तिगत निरोप पाठवावा.

आज जाऊन आलो. तीन भिंतींना छतापर्यंत सागवानी मांडण्या. एकीवर हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश गाड्यांची निळी खोकी. दुसरीवर जर्मनीतल्या मेर्क्लिनची इंजिनं आणि डबे, कारण काका कामानिमित्त तिकडे जायचे आणि दर वेळी काहीतरी घेऊन यायचे. तिसरीवर ट्राय-अँग, लिमा, फ्लाइशमान, रिवारोसी अशा इतर कंपन्यांचं मिश्र सामान. खिडकीखाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत चाकं, कपलिंगं, बल्ब, स्प्रिंगा, आणि प्रत्येक डब्यावर काकांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी. खोक्यांच्या आतल्या झाकणावर कधी घेतलं, किती रुपयांना घेतलं आणि कधी तेल दिलं, हे पेन्सिलीनं लिहिलेलं. इतका व्यवस्थित माणूस मी पाहिलेला नाही.

पण धागा काढायचं कारण हॉलच्या मधोमध आहे. तिथे कमरेएवढ्या उंचीच्या टेबलांवर मिरज ते कोल्हापूर ही जुनी मीटरगेज लाइन उभी आहे. मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, कोल्हापूर. सगळं हातानं केलेलं. कोल्हापूरच्या मालधक्क्यावर गुळाच्या रव्यांनी, म्हणजे ढेपांनी, भरलेली एक उघडी वाघीण आहे. भिंगातून पाहिलं तर ते रवे म्हणजे जोंधळ्याचे दाणे, तपकिरी रंगवून वर व्हार्निश दिलेले. ३० किलोचा रवा १:८७ प्रमाणात लहान केला तर जोंधळ्याएवढाच होतो, मी घरी येऊन हिशोब केला. वाघिणीच्या दारावर कडीही आहे आणि ती चिमट्यानं उघडते.

पितळी पत्र्याचं एक वाफेचं इंजिन आहे, जेमतेम वीतभर. पुढे ४ चाकं, मधे ६, मागे २, म्हणजे मीटरगेजचं वायपी. टेल्कोनं जमशेदपुरात बांधायची ती जात. बॉयलरवरचे रिव्हेट पत्र्याला मागून टोचून उठवलेत आणि त्यांची ओळ कुठेही वाकडी नाही.

मुंबईचे एक व्यापारी आले होते. त्यांनी डब्लोच्या भिंतीला एकगठ्ठा भाव सांगितला, तो त्यांचा धंदा आहे आणि त्यात काही गैर नाही. मग त्यांनी हे पितळी इंजिन सुटं मागितलं. घरच्यांनी अजून हो-नाही म्हटलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की कंपन्यांच्या गाड्या ज्याला आवडतील त्यानं खुशाल न्याव्यात. त्या जगभर हजारोंनी आहेत, कुठेही सुखात राहतील. ही लाइन मात्र एकच आहे. इंजिन मुंबईला, पूल पुण्याला आणि स्टेशनं भंगारात, असं झालं तर ती पुन्हा कुणालाही जोडता येणार नाही. ती एकत्र कशी राहील यावर सुचवा. आणि खरेदीला जाणाऱ्यांसाठी जाणकारांनी चार गोष्टी लिहा, कारण आज बरेच जण नुसते गोंधळून परत गेले.


मिरज_जंक्शन · शनिवार, रात्री

वाचून अंगावर काटा आला. ही लाइन १८९१ साली सुरू झाली, कोल्हापूर संस्थानची. पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झालं १९७१ मध्ये, म्हणजे मीटरगेजवर कोल्हापूरला उतरलेली माणसं आज साठीच्या पुढची. माझे वडील त्या गाडीनं शिकायला जायचे. रुकडीजवळ पंचगंगेचा पूल आला की डब्यातली निम्मी माणसं हात जोडायची, असं ते सांगतात. तो पूल केलाय का हो?


पंचगंगाकाठ · शनिवार, रात्री

केलाय. दगडी खांब प्लास्टरचे ओतलेत आणि पाण्याच्या पातळीपर्यंत त्यांना शेवाळी रंगाचा हात दिलाय. त्याच्या वर पुराची एक फिकट रेघ आहे. कोल्हापूरच्या माणसालाच ती रेघ सुचणार.


नवशिका · रविवार, सकाळी

मला लेकीसाठी घ्यायचंय, ती ९ वर्षांची आहे. ‘एचओ’, ‘डबलओ’, तीन रूळ, दोन रूळ, यातलं काही कळत नाही. काय बघून घ्यावं? उगाच चुकीचं घेतलं आणि चाललंच नाही असं नको व्हायला.


सिग्नलवाला · रविवार, सकाळी

सविस्तरच लिहितो, कारण त्या हॉलमध्ये तीन वेगवेगळ्या पद्धती शेजारी-शेजारी ठेवलेल्या आहेत आणि दिसायला त्या सारख्याच वाटतात.

एचओ आणि डबलओ ही गाडीच्या मापांची नावं, पण रुळांची रुंदी बहुतेकांची १६.५ मिलिमीटरच. फरक आहे विजेचा. हॉर्नबी डब्लो १९३८ साली बाजारात आली ती तीन रुळांची, मधल्या रुळातून वीज घेणारी, १२ व्होल्ट डीसीवर चालणारी. दोन रुळांची डब्लो १९५९ मध्ये आली. तीन-रुळी डब्लोची धातूची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं वेगळी केलेली नसतात. ती आजच्या दोन-रुळी मार्गावर ठेवली की थेट शॉर्टसर्किट. मेर्क्लिनचं आणखी निराळं. ती एसीवर चालते आणि रुळांच्या मधल्या बारीक खुंट्यांवरून इंजिनाच्या पोटाखालची पट्टी घसरत वीज घेते. जुन्या मेर्क्लिनला दिशा बदलायला क्षणभर जास्त व्होल्टेजचा झटका द्यावा लागतो, त्यासाठी तिचाच ट्रान्सफॉर्मर हवा. म्हणून मेर्क्लिन घ्यायची तर रूळ, ट्रान्सफॉर्मर, इंजिन सगळं मेर्क्लिनचं घ्या. मिसळू नका.

लेकीसाठी ट्राय-अँग, हॉर्नबी किंवा लिमाची दोन-रुळी, १२ व्होल्ट डीसीची गाडी घ्या. हॉर्नबी आणि ट्राय-अँगच्या खोक्यावर इंग्रजी ‘आर’ अक्षर आणि पुढे आकडा असतो, त्यावरून नेमकं कोणतं मॉडेल ते शोधता येतं. सुरुवातीला एक गोल पुरे. मोठी इंजिनं असतील तर अगदी आखूड त्रिज्येच्या गोलाऐवजी ४३८ मिलिमीटर त्रिज्येचा घ्या, नाहीतर लांब डबे वळणावर अडखळतात. जुन्या लिमाच्या चाकांची कड खोल असते. ती जाड रुळावर नीट चालते, बारीक रुळावर स्लीपरच्या खिळ्यांना घासून उडते. तिथे जे जाड रूळ आहेत तेच घ्या.

तपासायचं कसं? दोन-रुळी डीसी इंजिन उलटं धरा आणि ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची टोकं दोन बाजूंच्या चाकांना लावा. मोटर फिरली तर बाकीचं दुरुस्त होतं. नुसती गुरगुरली तर बहुधा जुनं ग्रीस घट्ट झालंय, ते साफ करून निघतं. रबरी टायर कडक झाले असतील तर बदलता येतात. तीन-रुळी आणि मेर्क्लिनवर हा प्रयोग नको.

एक रोग मात्र असाध्य आहे. जुन्या जस्ताच्या ओतीव भागात शिशाची भेसळ राहिली असेल तर वर्षानुवर्षं दमट हवेत तो धातू आतून फुगतो, केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी बोटानं दाबला तरी तुकडे होतात. विशेषतः दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मालात हे सापडतं. चाकं, इंजिनाची चौकट, बोगीच्या कडा भिंगाखाली बघा. इंजिन टेबलावर सपाट बसत नसेल, पाठ वाकलेली दिसत असेल, तर शोभेची वस्तू म्हणूनच घ्या. त्याला डिंक, वेल्डिंग, काही चालत नाही.

ट्रान्सफॉर्मरबद्दल शेवटचं. कापडी किंवा रबरी वेष्टणाच्या जुन्या वायरी असलेला कुठलाही ट्रान्सफॉर्मर तिथे लावून बघू नका. अमेरिकन लायनेलचा एखादा असेल तर तो ११० व्होल्टचा, आपल्या २३० वर जळणार. लेकीच्या हातात नवा, चांगल्या बनावटीचा कंट्रोलरच द्या.


नवशिका · रविवार, सकाळी

खूप आभार. हे छापून घेऊनच जातो. लेकीलाही नेतोय, तिच्याच हातानं निवडू दे.


कथील · रविवार, सकाळी

किमतीबद्दल लिहितो. परदेशातून नवीन मागवणं आता सोपं राहिलेलं नाही. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. वर टपालखर्च. त्यामुळे आपल्याकडच्या हौशी माणसाला असा जुना संग्रह म्हणजे पर्वणीच. पण म्हणून घरच्यांना नाडू नका. लिलावाच्या साइटवर विक्रेत्यानं मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूची किंमत बघा. मूळ खोकं, आतला कागद आणि सूचनापत्रक शाबूत असेल तर भाव बराच वाढतो. पुन्हा रंगवलेलं, चाकं बदललेलं असेल तर उतरतो. आणि काकांच्या पेन्सिलीच्या नोंदी खोडू नका. त्या खोक्याचं मोल त्यानं वाढतंच.

घरच्यांनाही एक सांगायचं आहे. दुर्मीळ तेवढं आधी विकून टाकाल तर बाकीच्याला गिऱ्हाईक राहत नाही. आधी यादी करा, मग दार उघडा.


माडीवरची · रविवार, दुपारी

नमस्कार. मी त्या घरातली सून. इथल्याच एका ताईंनी धाग्याची लिंक पाठवली म्हणून सदस्य झाले.

तुम्ही सगळे इतक्या आपुलकीनं लिहिताय, वाचून यांना आणि मला दोघांनाही भरून आलं. मामंजींना गाड्यांबद्दल बोलायला घरात फारसं कुणी नव्हतं. संध्याकाळी ते वर जायचे, आम्ही इथे आलो तरी खाली टीव्ही बघायचो. एवढं काही वर आहे हे आम्हाला खरं तर आवरायला घेतल्यावर कळलं.

यादीचं पटलं. आज चारनंतर विक्री थांबवली आणि लिहायला बसलो आहोत. व्यापाऱ्यांना पितळी इंजिन दिलेलं नाही. मधल्या टेबलाला तर आता हातच लावू देत नाही कुणाला. पण खरी अडचण सांगते. बंगला द्यायचा आहे आणि टेबल एवढं मोठं आहे की ते दारातून बाहेर येईल असं वाटत नाही. सुतार बोलावून कापावं लागेल असं हे म्हणतात. मला ते करवत नाही.

अजून एक. कपाटात मामंजींच्या वह्या सापडल्या. ‘रुकडी पूल’, ‘वळिवडे’, ‘मिरज नॅरो’ अशी नावं आहेत. आकडे, नकाशे, वायरींच्या आकृत्या. कुणाला वाचता येतील?


कुर्डुवाडीकर · रविवार, दुपारी

ताई, ‘मिरज नॅरो’ वाचून राहवलं नाही. म्हणजे त्यांनी बार्शी लाइटही केलीय! कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत ती गाडी १८९७ मध्ये सुरू झाली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं बांधली, आणि पुढे तिचे रूळ लातूरपासून मिरजेपर्यंत पोचले. अडीच फुटी रूळ, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आमच्या गावाचं सगळं आयुष्य त्या गाडीच्या वेळापत्रकावर चालायचं. आता तिथे ब्रॉडगेज आहे, सोय झाली, पण ती लहान गाडी दाखवायची झाली तर फोटोच दाखवावे लागतात. मिरजेच्या फलाटावर नॅरोगेजचे रूळ आहेत का, कृपा करून कुणी बघून सांगा.


पंचगंगाकाठ · रविवार, संध्याकाळी

कुर्डुवाडीकर, आत्ताच बंगल्यातून येतोय. ताईंच्या परवानगीनं व्हर्नियर लावून मापं घेतली.

मिरजेच्या एका फलाटाशी १२ मिलिमीटरचे रूळ आहेत, पलीकडे ९ मिलिमीटरचे. बघा काय केलंय त्यांनी. १:८७ नं मीटरगेज म्हणजे १००० भागिले ८७, साडेअकरा मिलिमीटर. तेवढे रूळ तयार मिळत नाहीत, पण ट्राय-अँगनं १९५७ मध्ये जी टीटी नावाची लहान गाडी काढली तिचे रूळ बरोबर १२ मिलिमीटर. नॅरोगेज ७६२ भागिले ८७, पावणेनऊ, आणि एन गेज या आणखी लहान गाड्यांचे रूळ ९ मिलिमीटर. दोन्हीकडे फरक फार तर अर्ध्या मिलिमीटरचा. परदेशात दुसऱ्याच कामासाठी बनलेले रूळ त्यांनी आपल्या लाइनला नेमके बसवलेत. स्लीपरमधलं अंतर वाढवून, मधे राखाडी खडी पसरून.

वहीत कारणही लिहिलंय. मराठीत, एका ओळीत: ब्रॉडगेज करायची तर १९.३ हवेत, ते मिळणार नाहीत आणि १६.५ वर ब्रॉडगेज चालवणं मला पटत नाही, म्हणून ७१ च्या आधीचं करायचं. सगळी लाइन १९७१ च्या आधीची का, याचं उत्तर तिथे आहे. आपल्याकडे ब्रॉडगेजची मॉडेलं सर्रास १६.५ वर चालतात आणि ती बघायला छानच असतात. पण या माणसानं मापाशी तडजोड करायची नाही म्हणून काळच बदलून घेतला.

वळिवडे स्टेशनमागे बराकींच्या रांगा आहेत. आधी मला उलगडा होईना. मग लक्षात आलं, १९४३ ते ४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी वळिवड्याला होती, सुमारे ५ हजार माणसं. एका बराकीसमोर दोरीवर कपडे वाळत घातलेत आणि बाजूला डोक्याला रुमाल बांधलेली बाई उभी आहे. सगळी मिळून नखाएवढी.


मिरज_जंक्शन · रविवार, रात्री

हे शाळेच्या मुलांना दाखवायला हवं. पुस्तकातून सांगून जे डोक्यात शिरत नाही ते या टेबलाभोवती एक चक्कर मारली की शिरेल.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. मी मुलांना घेऊन गेलो होतो. तिथे दिवे मालवून रात्र करतात तेव्हा लहानांइतकेच मोठेही खुर्चीच्या कडेला येतात. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं काम लोकांसाठी खुलं होऊ शकतं, हे तिथे दिसतं. त्यांचा सल्ला घ्यावा. लाइन मात्र कोल्हापुरातच राहावी असं माझं मत आहे. रुकडीच्या पुरामुळे ज्यांची गाडी खोळंबलीय त्यांच्यात.


शाहूपुरीकर · रविवार, रात्री

थोडं वेगळं मत मांडतो. एकत्र ठेवायचं म्हणणं सोपं आहे. पण ठेवणार कोण, कुठे, आणि दर पावसाळ्यात बघणार कोण? एखाद्या संस्थेला दिलं आणि तिथे कोपऱ्यात धूळ खात पडलं, तर त्यापेक्षा चार जाणकारांकडे चार भाग नीट राहिलेले बरे. काम करणारी माणसं आधी ठरवा, जागेचं नंतर.


पंचगंगाकाठ · रविवार, रात्री

शाहूपुरीकर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. म्हणून विचारतो, दर आठवड्याला दोन तास देणारे कोण आहेत? नुसती सहमती नको, नाव नोंदवा.


उद्यमनगरी · सोमवार, सकाळी

माझं लिहा. मी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलंय, आता पोरगं शॉप बघतंय. शॉपच्या वर माडी मोकळी हाय, पत्रा नाही, स्लॅब हाय, ओल येत नाही. भाडं नको.

काल जाऊन आलो. ते पितळी इंजिन हातात घेऊन बघितलं. चाकांचे आरे एकेक करून डाग देऊन जोडलेले हायत, सोनाराच्या कामागत, गुजरीतल्या सराफांत कुणाकडनं तरी शिकले असणार. कनेक्टिंग रॉड फायलीनं घासून केलाय, मशिनची खूण कुठं दिसत नाही. एवढं काम पाव मिलिमीटर इकडं-तिकडं झालं तर चाक अडकतंय. हे चालतंय का विचारलं तर ताईंनी चालवून दाखवलं. लोण्यागत गेलं भावांनो.

कोल्हापूरला हे नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला. मागवायला परवडत नाही म्हणून स्वतः करायचं, ही इथली जुनी रीत. काकांनी तेच केलंय. मोडलेलं गिअर, वाकलेला एक्सल, जे काय असेल ते मी करून देतो. पितळ कापायला लहान लेथ हाय.


सिग्नलवाला · सोमवार, सकाळी

वायरिंगचं मी बघतो. रविवार सकाळ देऊ शकतो.


रंकाळ्याची_झुळूक · सोमवार, सकाळी

माझंही नाव घ्या. मला इंजिनातलं कळत नाही, पण झाडं, घरं, माणसं, रंग हे मी करते. हातकणंगल्याच्या स्टेशनाबाहेरची चिंच खूप झडली आहे, ती नव्यानं करता येईल.

आणि ताई, काल कपाटात डांबरगोळ्यांचा वास आला. त्या आजच काढून टाका. त्यांच्या वाफेनं काही जातींचं प्लास्टिक मऊ होतं, रंग चिकट होतो. जुना स्पंजही खोक्यांतून काढा, तो कुजून रंगाला चिकटतो. त्याऐवजी धुतलेलं मऊ सुती कापड आणि सिलिका जेलच्या पुड्या. खोक्यांवर बुरशी आली असेल तर ओल्या फडक्यानं पुसू नका, आधी वाळू द्या आणि मग कोरड्या ब्रशनं घराबाहेर झाडा.


माडीवरची · सोमवार, दुपारी

डांबरगोळ्या लगेच काढल्या. मीच टाकल्या होत्या दोन महिन्यांपूर्वी, झुरळांसाठी.

आता एक ऐका. काल रात्री वही वाचताना एक पान सापडलं, त्यावर टेबलाची आकृती आणि १ ते ९ आकडे. आज टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. टेबल एक नाहीच! नऊ तुकडे आहेत. प्रत्येकाच्या खालच्या फळीवर पांढऱ्या रंगात आकडा आणि गावाचं नाव आहे, दोन तुकड्यांच्या सांध्यावर चार-चार बोल्ट, आणि वायरींना दोन्हीकडून जोडता-सोडता येतील असे प्लग. कोल्हापूर हा नऊ नंबरचा. सगळ्यात मोठा तुकडा मी टेपनं मोजला, चार फूट बाय अडीच. जिन्यातून आरामात जाईल.

मामंजींनी हे सगळं कधीतरी हलवता यावं असं ठरवूनच केलं होतं. कापायचं काही कारणच नाही.


मिरज_जंक्शन · सोमवार, दुपारी

वा ताई! टेबलाखाली शिरलात म्हणून कळलं.


कथील · सोमवार, संध्याकाळी

आता व्यवहाराचं स्पष्ट लिहून घेऊ, म्हणजे पुढे कुणाच्या मनात काही राहणार नाही. आम्ही पाच जण मिळून लाइन, तिच्यावरच्या हातानं केलेल्या सगळ्या गाड्या आणि वह्या घेतो. किंमत घरच्यांनी सांगावी, घासाघीस करणार नाही. कागदावर तीन अटी असाव्यात: यातली कुठलीही वस्तू सुटी विकायची नाही, काम बंद पडलं तर सगळं आधी घरच्यांना परत विचारायचं, आणि वह्यांचं पान न् पान स्कॅन करून एक प्रत घरच्यांना द्यायची. शाहूपुरीकर, तुम्ही कागद तयार कराल का? शंका तुम्हीच काढली होती, म्हणून तुमचा डोळा हवा.


शाहूपुरीकर · सोमवार, संध्याकाळी

करतो. आणि पाचात सहावं नाव माझं घाला. महिन्यातून एकदा मुलांसाठी खुलं ठेवायचं, हेही कागदात घेतोय.


माडीवरची · सोमवार, रात्री

आम्हाला तिन्ही अटी मान्य. यांचं म्हणणं, लाइनचे पैसे घ्यायचे नाहीत. मी म्हटलं, थोडे घेऊ, म्हणजे तुम्हाला हक्कानं सांभाळता येईल. तुमच्यातल्या कुणीतरी फोनवर बोलून आकडा ठरवा. डब्लोची भिंत मुंबईच्या त्या व्यापाऱ्यांना देतोय, यादी बघून त्यांनी भाव वाढवूनही दिला आणि इंजिनाचा हट्ट सोडला. मेर्क्लिनचं सगळं एका दंतवैद्यांनी एकत्र नेलं.

आणि काल एक मुलगी आली होती बाबांबरोबर. सगळ्या चकचकीत गाड्या सोडून तिनं एक हिरवं, रंग उडालेलं शंटिंगचं इंजिन उचललं. बॅटरी लावून स्वतः तपासलं.


नवशिका · सोमवार, रात्री

ती आमचीच. काल रात्री जेवणाच्या टेबलाखाली गोल टाकलाय. इंजिन थोडं थांबत-थांबत चालतंय, रूळ काळे पडलेत. पॉलिश पेपर मारू का?


सिग्नलवाला · सोमवार, रात्री

पॉलिश पेपर नको, ओरखड्यांत पुढे जास्त घाण बसते. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, सुती चिंधीवर थोडं घेऊन रुळाचा माथा पुसा. चाकंही तशीच. खोलीची खिडकी उघडी ठेवा, गाडीला वीज लावण्याआधी पूर्ण वाळू द्या, आणि हे काम तुम्ही करा, लेकीला नंतर बोलवा. रूळ पिवळसर पितळेचे असतील तर हे वरचेवर करावं लागेल, पांढरट निकेल-सिल्व्हरचे असतील तर कमी.


उद्यमनगरी · मंगळवार, सकाळी

रविवारी लाइन हलवायची. छोटा हत्ती सांगितलाय, दोन फेऱ्यांत होईल. ताई, बोल्टाचा फोटो बघितला. तो पाव इंची व्हिटवर्थ दिसतोय, म्हणजे त्या काळचा इंची मापाचा. त्याला मेट्रिक पाना लावू नका कुणी, डोकं गोल होईल. माझ्याकडं जुना सेट हाय, घेऊन येतो. आदल्या दिवशी सांध्यांना एकेक थेंब तेल सोडून ठेवा, रुळांवर जाऊ देऊ नका.


सिग्नलवाला · मंगळवार, सकाळी

प्लग काढण्याआधी प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी चिठ्ठी लावायची आणि फोटो घ्यायचा. वहीतल्या आकृतीशी मी ताडून बघेन, मगच ओढा. गाड्या, माणसं, सुटी झाडं आधी उतरवून वेगळ्या खोक्यात. पूल शेवटी सोडवू आणि तो तुकडा टेंपोत न ठेवता कुणीतरी गाडीत मांडीवर घेऊन बसा.


रंकाळ्याची_झुळूक · मंगळवार, सकाळी

पूल मी घेऊन बसते. जुन्या सुती साड्या आणि मलमलीचे पंचे गोळा करतेय, असतील त्यांनी आणा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.


माडीवरची · मंगळवार, दुपारी

जिन्यातल्या कुंड्या आजच हलवल्या. रविवारी ८ ला या, नाश्ता इथेच करा. कुर्डुवाडीकर, तुम्हीही या. ‘मिरज नॅरो’च्या वहीत एका गाडीचं अर्धं काम राहिलंय, डबे तयार आहेत, इंजिनाची फक्त चौकट झालीय. ते कुठलं इंजिन हे तुम्हीच सांगू शकाल.


कुर्डुवाडीकर · मंगळवार, दुपारी

शनिवारी रात्रीच मिरजेला मुक्कामाला येतो. माझ्याकडे त्या इंजिनांचे जुने फोटो आहेत, बाजूचे आणि समोरचेही. उद्यमनगरी, चौकटीची लांबी आणि चाकांच्या आसांमधली अंतरं मोजून आधी कळवलीत तर मी जुळवून ठेवतो.